बोंडाची वाइन आणि चिऱ्याचा तुकडा

रत्नागिरीत ऐंशीच्या दशकात वाइनचा उत्सव भरत असे, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारे माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. पण भरत असे. मांडव नाही, पाटी नाही, माणसं सगळी मिळून अकरा. संक्रांत होऊन गेली की पुढचा एखादा रविवार धरून गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका बागेत आम्ही जमायचो. कुणी विचारलं तर कलमांच्या मोहोरावर चर्चा आहे, असं सांगायचं ठरलेलं होतं. मोहोरावर चर्चा करायला जाणारी माणसं पिशवीतून बाटल्या का नेतात, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.

‘दारू’ हा शब्द आमच्यात वर्ज्य होता. नुसती प्यायचीच असती तर ती कुठेही मिळत होती. आम्हाला ती करायची होती आणि मग तिच्याबद्दल बोलायचं होतं. एका पेल्यामागे अर्धा तास बोलणं, असं साधारण प्रमाण पडे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर आमचे म्होरके. पोफळीच्या वीजघराच्या वसाहतीत राहणारा एक इंजिनिअर करवंदांची वाइन करी. दापोलीकडच्या मुरुडहून एक जण आदल्या दिवशीच एस.टी.ने येऊन राही. एकाचं औषधांचं दुकान होतं, त्याच्यामुळे बुचं आणि सलाइनच्या नळ्या मिळत. नळीचं एक टोक बरणीच्या झाकणातून आत आणि दुसरं पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, म्हणजे आतला वायू बुडबुडे काढत बाहेर येतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. यीस्ट बेकरीतून आणायचं. बेकरीवाल्याला वाटे की आमच्या घरी फार पाव भाजतात.

आणि ज्याच्या बागेत आम्ही जमायचो तो बागायतदार, माझा शाळेपासूनचा मित्र. ही हकीकत खरं म्हणजे त्याची आहे. मी तिच्यात असायला नको होतो.

मी मोजणी खात्यात होतो. लोकांच्या जमिनी मोजणं, नकाशे करणं, दोन भावांच्या मधोमध खुंट्या ठोकून दोघांच्याही शिव्या खाणं, हे माझं काम. त्या कामाने मला एक खोड लागली होती. जे मोजलं ते खरं आणि जे मोजलं नाही ते असलं काय नि नसलं काय, असं मी धरून चालायचो. वाइनसाठीही मी वही केली होती. फळाचं वजन, साखरेचं वजन, बरणी ठेवलेल्या खोलीची उष्णता, बुडबुडे थांबल्याची तारीख, सगळं त्यात असे. सर माझी वही इतरांना दाखवून म्हणायचे, “असं काम पाहिजे.” मला ते ऐकून बरं वाटायचं. अजूनही वाटतं, काय लपवू.

आमच्यात जांभळाच्या वाइनला मान होता, करवंदाच्या वाइनला कौतुक होतं, आणि बोंडाच्या वाइनला कुणी विचारत नसे. काजूचं बोंड वासाला इतकं गोड की माणूस झाडाखाली उभा राहील, पण रस प्यायला की घशात खवखव सुरू. वाइन केली तरी ती खवखव जात नाही. दरवर्षी दोघे-तिघे बोंडाची आणायचे, सर घोट घेऊन खाकरायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.”

माझ्या मित्राला मात्र बोंडाचाच नाद. त्याच्या घराच्या वर डोंगराची एक उतरण होती, तिथे काजूची साठेक झाडं. त्याच्या आईने लावलेली. ती गेल्यावर कारभार थोरल्या भावाकडे आला आणि थोरल्या भावाला ती उतरण हापूसच्या कलमांसाठी हवी होती. भाऊ वाईट माणूस नव्हता. बिया काढून घेतल्या की टोपल्याच्या टोपल्या बोंडं झाडाखाली कुजतात, चिलटं होतात, ढोरं खातात, हे तो बघत होता. हापूसची कलमं लावली तर त्यातलं काही वाया जात नाही, हे त्याचं म्हणणं. धाकट्याचं म्हणणं होतं की बोंडाचं काहीतरी होऊ शकतं, आपल्याला ते जमत नाही एवढंच. शेवटी थोरला म्हणाला होता, “असं काहीतरी बनवून दाखव की माणूस दुसरा पेला मागेल. मग मी झाडांना हात लावत नाही.” माझ्या मित्राने हे आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. तो काहीच पोटात ठेवत नसे.

आता उत्सवाची रीत सांगतो, कारण सगळं त्या रीतीवर अडलं. प्रत्येकाने एकच बाटली आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून. बागेत पोचल्यावर सर त्यांना आकडे लावत, नाव घडी केलेल्या चिठ्ठीत राही. कुणाची कोणती ते कळता कामा नये. काचेचे लहान पेले, दोन पेल्यांच्या मध्ये साधे कुरमुरे. आणि दोन नियम. पहिला असा, की उत्सवाच्या दिवसापर्यंत आपल्या बरणीत काय चाललंय त्याबद्दल दुसऱ्याशी चकार शब्द बोलायचा नाही. बोललं की मतं बनतात, आणि मतं बनली की जीभ बाटते, असं सर म्हणत. दुसरा नियम, ज्याची बाटली पहिली येईल त्याने उभं राहून आपली कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, बाकीच्यांनी लिहून घ्यायची, आणि कुणीही काहीही विचारलं तरी त्याने उत्तर द्यायचं. राखून ठेवणारा बाद. बक्षीस म्हणून एक नारळ मिळे. त्या नारळासाठी आम्ही वर्षभर झुरायचो, म्हणजे बघा.

बायका उत्सवाला नसत. का नसत, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

त्या वर्षी मी बोंडाचीच आणली होती. आदल्या एप्रिलात रस काढला, गाळून पातेल्यात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मला राजापूरच्या बाजूला मोजणीसाठी जावं लागलं. आठ दिवसांचा दौरा. बायकोला सांगून गेलो की रस बसला की बरणीत घाल, वहीत लिहिलीय तेवढी साखर घाल, यीस्ट घाल, झाकण लावून नळी जोड. ती म्हणाली, “बरं.” आलो तेव्हा बरणीत बुडबुडे चालू होते आणि रस आरशासारखा नितळ. मी वहीत ‘रस उत्तम बसला’ असं लिहिलं. कशाने बसला, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

उत्सवाच्या दिवशी सहा आकड्याची बाटली उघडली. सरांनी घोट घेतला आणि नेहमीसारखे खाकरायला गेले, पण खाकरले नाहीत. पुन्हा घोट घेतला. मग पेला उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “बोंडाचीच आहे. पण याची खवखव काढलीन कुणी?”

पेले फिरले. इंजिनिअरने डोळे मिटून मान हलवली. माझा मित्र तर उठूनच उभा राहिला. थोरला भाऊ पडवीच्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसला होता. तो आमच्या उत्सवाला दरवर्षी हजर असे, पण आमच्यात नसे. आम्हाला चहा-पोहे मिळतात की नाही तेवढं बघायचा आणि आमची गंमत करायचा. माझ्या मित्राने त्याच्या हातात पेला दिला. त्याने तो औषधासारखा एका दमात घेतला, जरा थांबला, आणि पेला पुढे करून म्हणाला, “अजून आहे काय?”

तो दुसरा पेला होता. अकरा माणसांना त्याचा अर्थ माहीत होता.

“ही आपल्याकडच्या बोंडांची नाही,” भाऊ धाकट्याला म्हणाला. “पण होऊ शकते, हे बघितलं. पुढल्या वर्षी आपल्या बोंडांची अशीच कर. झाली तर झाडं राहिली. नाही झाली तर मग मला काही बोलायचं नाहीस.”

चिठ्ठी उघडली, माझं नाव निघालं. मी वही घेऊन उभा राहिलो. दहा जणांनी वह्या काढल्या. मी वजनं सांगितली, साखर सांगितली, तारखा सांगितल्या. पेनं कुरकुरत होती. मग सर म्हणाले, “ते सगळं आम्हीही करतो. तुरटपणा कसा घालवलास, ते सांग.”

माझ्या वहीत त्याबद्दल काही नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच बोलायचं होतं. तीन शब्द. पण वर्षानुवर्षं ज्याच्या वहीचं कौतुक झालं, त्याला ते तीन शब्द फार जड जातात. मी खाली बघितलं. पायाखाली पडवीची पायरी होती, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. उचलली जीभ लावली टाळ्याला तशी ती लावली आणि म्हणालो, “चिऱ्याचा तुकडा भाजून रसात टाकला.”

पेनं थांबली, आणि मग दुप्पट वेगाने चालू लागली.

“केवढा तुकडा?” मुरुडच्या माणसाने विचारलं.

“तीन इंच बाय दोन इंच,” मी म्हणालो. आकडा सांगताना मी कधी अडखळत नाही.

“किती भाजायचा?”

“लाल होईपर्यंत.”

“अरे, तो लालच असतो की,” औषधवाला म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. हसताहसता मी त्यांना सांगितलं की इंगळासारखा होईपर्यंत भाजायचा, थंड करायचा आणि रसात आठवडाभर ठेवायचा. बिनबुडाच्या गोष्टीला इतकी मापं मी जन्मात लावली नव्हती.

मला वाटलं होतं, सर तरी पकडतील. पण सरांनीच मला हात दिला. “बरोबर,” ते म्हणाले. “जांभ्याला छिद्रं असतात. तुरटपणा शोषून घेत असणार.” शिकलेल्या माणसांचं असंच असतं. थाप कुणीही मारावी, कारण ते पुरवतात.

मी नारळ घेऊन घरी आलो. बायको भात वेळत होती, वरचं पाणी निथळून काढत. तिने विचारलं, “काय म्हणाले?”

“पहिली आली,” मी म्हणालो. “खवखव अजिबात नाही म्हणाले.”

“मग, पेज घातली होती ना,” ती म्हणाली.

मी काय ते विचारलं. तिने भात वेळतावेळताच सांगितलं. तिच्या माहेरी, संगमेश्वराच्या आतल्या बाजूला, मुलांना बोंडाचा रस द्यायचा तर तिची आई त्यात तांदळाच्या पेजेची वरची निवळ घालून ठेवायची. रात्रभरात सगळा साका खाली बसतो, वरचा रस ओतून घ्यायचा, तो घशाला लागत नाही. मी दौऱ्यावर गेलो त्या दिवशी तिने रस चाखून बघितला, खवखवला, म्हणून पेज घातली. यात काही सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

“त्यांना सांगितलंत ना?” तिने विचारलं.

“सांगितलं,” मी म्हणालो.

एका दिवसात दोन थापा झाल्या. पहिली तरी घाबरून मारली होती. दुसरी अगदी शांतपणे, तिच्या तोंडावर मारली, आणि पानावर बसून जेवलो.

बोंडांचा हंगाम सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना होता. सांगायचं असतं तर त्या काळात कधीही सांगता आलं असतं. सायकलवरून सरांच्या घरी दहा मिनिटं. मित्र तर दर शनिवारी बाजारात भेटायचा. एकदा त्याने मला हाताला धरून गाडीतळाजवळ नेलं आणि गोणपाट उघडून दाखवलं. गवंड्याकडून घडवून घेतलेले चिऱ्याचे तुकडे होते, वीस-पंचवीस, तीन बाय दोनचे, कडा तासलेल्या. “माप बघ,” तो म्हणाला, “तुझ्या पट्टीने मोज हवं तर. दादाने या वर्षी सगळी बोंडं माझ्या ताब्यात दिलीन. चार पिंपं घालतोय.” त्याचा चेहरा उजळला होता. मी एक तुकडा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणालो, “ठीक आहे.”

स्वतःला मी असं समजावलं, की दगडाने बिघडणार काय? काही होणार नाही. नेहमीसारखी खवखवणारी वाइन होईल, एवढंच. पण नेहमीसारखी झाली तरी झाडं जाणार होती, आणि हे मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही. कारण बोललो असतो तर थाप उघडी पडली असती, आणि वाइन माझी नव्हे, बायकोची होती हेही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत एक नारळ होता आणि मला तो सोडवत नव्हता. याहून चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

त्या एप्रिलात मी घरी रस काढला आणि बायकोने त्यात पेज घातली. या वेळी मी जवळ उभा राहून बघितलं. वहीत लिहिलं नाही.

पुढच्या संक्रांतीनंतरचा रविवार. सगळ्यात आधी मला जाणवलं की कुणी फारसं बोलत नाही. एरवी एस.टी.तून उतरल्यापासून कलकलाट. त्या दिवशी प्रत्येक जण आपली गुंडाळलेली बाटली सरांच्या हाती देऊन बाजूला जाऊन उभा राही. सरांनी पहिली उघडली आणि पेल्यात ओतली. काळी. दुसरी उघडली. काळी. तिसरीही. दौतीतल्या शाईसारखी, उजेडात धरली तर कडेला जरा निळसर. इंजिनिअर म्हणाला, “माझं पेन भरून घेऊ का?” आणि कुणी हसलं नाही.

झालं होतं असं की त्या वर्षी सगळ्यांनी बोंडाचीच घातली होती, आणि सगळ्यांच्या बरण्या जून उजाडायच्या आतच काळ्या पडल्या होत्या. दहा माणसं, दहा काळ्या बरण्या, सात-आठ महिने. बाजारात, टपाल कचेरीत, लग्नाच्या पंगतीत एकमेकांना भेटत होती. पण नियम म्हणजे नियम. आपल्या बरणीबद्दल बोलायचं नाही. प्रत्येकाला वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं, दगड कमी भाजला, जास्त भाजला, आणि दिवस गेले की रंग खाली बसेल. आमच्याइतकी शिस्तीची माणसं दुसऱ्या कुठल्या उत्सवात नसतील. दोघांनी जूनमध्ये एकमेकांना नुसतं विचारलं असतं तरी पुष्कळ काही वाचलं असतं.

सरांनी चौथा पेला हातात फिरवून बघितला. मग कपाळावर हात मारून म्हणाले, “लोह. जांभ्यात लोह, बोंडात टॅनिन. दोन्ही एकत्र आली की शाई होते. जुन्या काळी शाई अशीच करत. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं मी हे, आणि मलाच कळलं नाही.” 

मग त्यांनी सातवी बाटली उघडली. ती माझी. पेल्यात पिवळी, नितळ वाइन उतरली. सगळ्यांनी माना वळवल्या.

“ही कुणाची?” सरांनी रीत मोडून विचारलं. मी हात वर केला.

“यात दगड नव्हता?”

थोरला भाऊ पडवीतच होता. त्याच्यासमोर त्याच्या भावाच्या चार पिंपांतली काळी वाइन एका पेल्यात ठेवलेली होती. त्याने ती उचलून बघितली होती आणि न चाखता खाली ठेवली होती. त्या क्षणी मी पेज म्हटलं असतं तर कदाचित त्याने आणखी एक वर्ष दिलं असतं. माणूस न्यायाचा होता. मी तोंड उघडलंसुद्धा.

पण माझा मित्र मध्ये पडला. “असं काय विचारता सर? त्याने थोडंच खोटं सांगितलेन?” तो म्हणाला. “त्याच्याकडला चिरा वेगळा असेल. आमचा सड्यावरचा, उघड्या कातळाचा, फार लाल. दगड दगडात फरक असतो. होय ना रे?”

तो मला वाचवत होता आणि आपण काय करतोय हे त्याला माहीत नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “आमच्या घरापुढच्या खळ्यातल्या पायरीचा आहे तो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत बघितलं. पुढे काही विचारलं नाही. मला आजही वाटतं की त्यांना कळलं होतं. त्या वर्षी नारळ कुणालाच दिला नाही. थोरला भाऊ उठला, सुपारीचा डबा बंद केला आणि धाकट्याला एवढंच म्हणाला, “बिया उतरल्या की बघू मग.” आवाजात राग नव्हता. आम्ही पोहे खाल्ले आणि लवकर निघालो.

त्यानंतर मी मित्राला टाळू लागलो. दौरे मागून घेतले. शनिवारी बाजारात जायचं झालं तर बायकोला पाठवायचो. एकदा लांबून तो दिसला तर मी मासळी बाजाराच्या आतून निघून गेलो, आणि पापलेट न घेता घरी आलो म्हणून घरी बोलणी खाल्ली.

मे महिन्यात एका दुपारी तो स्वतःच घरी आला. खांद्यावर अर्धं पोतं. खळ्यात टेकवलं तसा बोंडांचा वास घरभर झाला. मी ओटीवर नकाशा पसरून बसलो होतो. पळायला जागा नव्हती.

“वहिनी, पाणी द्या हो,” त्याने आत हाक मारली आणि माझ्या शेजारी बसला. वाळला होता जरा. “ही बोंडं ठेव,” तो म्हणाला. “शेवटची आहेत. तुझ्या हाताला गुण आहे. तू कर यांची, मी प्यायला येईन. आणि एक मागतो. तुझ्या पायरीचा एक तुकडा दे. सर काहीही म्हणू देत. मला एकदा बघायचंय, तुमचा दगड काळं करतो की नाही ते.”

बायको पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली होती. तिने विचारलं, “दगड कशाला?”

“बोंडाच्या रसात घालायला,” तो म्हणाला. “भाजून.”

“रसात दगड?” ती हसली. तिला ती थट्टा वाटली. “दगड कुणी घालतं का भाऊजी? पेज घालायची. तांदळाच्या पेजेची निवळ. यांनी सांगितलं ना तुम्हाला, गेल्या वर्षीच?”

 तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचं हसू गेलं. सोळा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. ती शब्दात मावण्यासारखी नव्हती आणि मोजण्यासारखी तर नव्हतीच. त्याने हात उगारला असता तर मी गाल पुढे केला असता.

त्याने तिच्या हातून तांब्या घेतला. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. मग शर्टाच्या खिशातून उत्सवाची ती लहान वही काढली, कोरं पान उघडलं आणि माझ्याकडे पाठ येईल असा बायकोकडे वळून बसला.

“वहिनी, सावकाश सांगा,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

ती उंबऱ्यात बसली आणि सांगू लागली. तांदूळ कुठला घ्यायचा, पेज किती पातळ, निवळ कशी काढायची. तो प्रत्येक ओळ लिहून घेत होता, मध्येच थांबवून परत विचारत होता. मी समोरच्या नकाशाकडे बघत होतो, त्यातली एक रेघही मला दिसत नव्हती.

“माप तुमच्या रसावर आहे,” ती म्हणाली. “झाडं किती आहेत तुमची?”

“साठ होती,” तो म्हणाला. “परवा तोडली. तोडताना जी बोंडं खाली पडली, तीच ही आणली.”

तिने खळ्यातल्या पोत्याकडे बघितलं. त्याने पेन वहीवर टेकवून ठेवलं होतं.

“पेज गरम घालायची की गार?” त्याने विचारलं.

“गार,” ती म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं.